शेपटीच्या गाडीचा मान

घाटमाथ्यावरच्या एका गावात जुन्या गाड्यांचं वेड लागलेली मंडळी राहत होती. माणसं तशी भली. पण रविवार उजाडला की गाड्या काढायच्या आणि कुठेतरी लांब जाऊन खाऊन यायचं, हाच त्यांचा उद्योग. गाडीत बसले की बोलणं खाण्याचं, आणि खायला बसले की गाडीचं. घरच्यांनी केव्हाच हात टेकले होते.

वर्षातून एकदा ही मंडळी घाट उतरून कोकणात मासे खायला जात. त्यासाठी त्यांची एक रीत होती. आदल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या गाडीच्या गिअरबॉक्समधलं थोडं तेल वाटीत काढून आणायचं. सगळ्यांत वडील अण्णासाहेब हुक्केरी. ते एकेक वाटी उन्हात धरून बघत. तेलात लोखंडाचा चुरा चकाकला, तर आतले दाते झिजताहेत असं समजायचं. ज्याचं तेल सगळ्यांत चांगलं, त्याची गाडी सगळ्यांच्या मागे चालायची. वाटेत कुणाची गाडी बंद पडली, तर ती ओढून आणायचं काम या शेपटीच्या गाडीचं. आता ओढण्याच्या कामात कसला आलाय मान! पण या मंडळींत तोच सगळ्यांत मोठा होता.

जयवंत साळोखेला हा मान कधी मिळाला नव्हता. त्याची गाडी वडिलांच्या वेळची, आणि ती त्याचा जीव की प्राण. तिच्या गिअरबॉक्सचे सुटे भाग आता कुठेच मिळत नव्हते. त्या वर्षी त्यानं घरी तेल काढून पाहिलं, तर वाटीत नुसता चुरा चमकत होता. 

खरं सांगावं, तर यासीन बागवान चारचौघांत टर उडवणार. यासीन जिवाभावाचा दोस्त, पण तोंडाला लगाम नाही. जयवंतनं गुपचूप जुनं तेल काढून टाकलं, नवं भरलं, आणि त्यातलंच वाटीभर घेऊन गेला.

अण्णांनी वाटी उन्हात धरली. "वा रे गड्या! तेल म्हणायचं की मध?"

"अण्णा, जपून. चपातीला लावून खाल," यासीन म्हणाला.

सगळे हसले. शेपटीची जागा जयवंतला मिळाली. तेल इतकं नवंकोरं कसं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. शौकीन माणूस छान तेल बघून भुलला, की त्याला पुढचं सुचत नाही.

मंडळी घाट सुखरूप उतरली. खानावळीत सुरमई आली, तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं आलं. सोलकढी जेवणाआधी प्यावी की नंतर, यावर वाद झाला. मग गिअरचं तेल कधी बदलावं, यावर त्याहून मोठा वाद झाला. अण्णा म्हणाले, "यासीन, सुरमईवर टाकतोस तेवढा जीव कधी गाडीवर टाक की." जयवंत मात्र नुसता भात चिवडत होता. येताना गिअर बदलला की आतून करकर ऐकू येत होती.

परतीच्या वाटेवर, अर्ध्या घाटात, अण्णांच्या गाडीचा रेडिएटर फुटला. वाफेचा हा लोट! यासीननं दोर काढला आणि जयवंतकडे आला.

"काय मर्दा, तोंड का पडलंय? आज तुझा मान हाय."

दोर अजून बांधला नव्हता. अजूनही सांगता आलं असतं. जयवंतनं एकदा दोराकडे बघितलं, एकदा गाडीकडे.

"बांध," तो म्हणाला.

गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढू लागली. दुसऱ्या वळणावर काडकन आवाज झाला. इंजिन चालू, पण चाकांत जोर नाही. दोन्ही गाड्या मागे सरकू लागल्या, आणि मागच्या गाडीत अण्णा होते. दोघांनी ब्रेक दाबून धरले. यासीननं धावत येऊन चाकामागे धोंडे लावले, म्हणून निभावलं.

जयवंत घाटाच्या कठड्यावर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. यासीन हसला नाही.

"कालच का नाही बोललास?"

"तुम्ही हसला असता."

"हसलोच असतो! पोट धरून हसलो असतो. आणि मग सगळे मिळून तुझा गिअरबॉक्स खोलायला बसलो असतो. मासे काय लेका, पुढच्या महिन्यात खाल्ले असते."

अण्णांनी खाली उतरून चाकामागे आणखी एक धोंडा सरकवला. 

गिअरबॉक्स उघडला, तेव्हा आत दात्यांचा भुगा निघाला. मंडळींनी त्या भागांसाठी गावोगावची भंगाराची दुकानं पालथी घातली. एकही मिळाला नाही. जयवंतची गाडी आता अंगणात उभी असते. तो रोज ती पुसतो. रविवारी यासीन हॉर्न वाजवतो, आणि जयवंत त्याच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसतो.

तात्पर्य: उणीव झाकून मान मिळवला, की त्या मानाचं ओझं त्या उणिवेवरच येऊन पडतं.