ब्रेक पॅडला समुद्र पाहायचा होता

यंत्रांना बोलता येई, त्या काळची गोष्ट. एका जुन्या गाडीच्या ब्रेक पॅडला समुद्र पाहायची फार ओढ होती. दुसऱ्या दिवशी मालक मुलांना घेऊन कोकणात निघणार होता. पॅड मात्र झिजून पापडासारखा पातळ झाला होता.

शोरूममध्ये नव्या पॅडचा दर दुप्पट झालेला. "एवढ्या पैशांत आमची सहल होते! ब्रेकचा आवाज आला की बघू," मालक म्हणाला.

"मग गप्प राहा की," चाक कुजबुजलं. "उद्या लाटा बघशील."

सकाळी मुलं हसत गाडीत चढली. फाटकापाशी ब्रेक लागताच पॅड जिवाच्या आकांतानं किंचाळला. सहल राहिली, त्या पैशांत नवे पॅड आले.

"वेड्या, एक दिवस कळ काढायची होतीस," चाक हळहळलं.

भंगाराच्या डब्यातून पॅड म्हणाला, "समुद्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही रे. पण वाटेत घाट होता, आणि गाडीत मुलं होती."