अळत्याची पैज

“मग पुढचा शब्द आज तरी मिळणार का?”

परशराम काखेत गाठोडं घेऊनच विचारत होता.

आवडाई मठाच्या पायरीवर बसून पादुकांना अळता लावत होत्या. डोंगरावरच्या त्या मठाच्या त्या गुरू. त्यांनी मान वर केली नाही.

मठाची एक जुनी रीत होती. पहाटे गुरूकडून मिळालेला उपदेशाचा शब्द घेऊन शिष्यानं दिवस मावळायच्या आत खालच्या झऱ्यावर जायचं आणि तिथं जो भेटेल त्याला तो सांगायचा. मगच पुढचा शब्द.

परशराम कधी गेलाच नाही. त्याच्याइतका तल्लख शिष्य मठात दुसरा नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांच्या आधी त्याला स्वतःला. पण मागून आलेले पुढे निघून गेले आणि हा पावसाळाभर एकाच शब्दावर अडकून पडला. त्याचा नुसता जळफळाट होत होता.

“आज नाही मिळाला, तर मी दुसरा गुरू बघतो.”

“तेरड्याचा रंग तीन दिवस,” आवडाई म्हणाल्या. “तुझ्या रागाचंही तसंच. झऱ्यावर गेलास?”

“तिथं कोण येतं, आई? गुराखी नाहीतर धनगरणी. त्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि मिळेल ते असं सांडत बसलो, तर माझ्यात साठणार काय?”

“सकाळी धोंडाबाई आली होती...”

परशरामानं मान फिरवली. धोंडाबाईचा तरणा लेक गेला होता. घरात यंदा गौर बसणार नव्हती, म्हणून गौरीसाठी राखलेला दारातला तेरडा उपटून तिनं मठात आणून ठेवला होता. रात्र खायला उठते महाराज, दोन शब्द सांगा, असं ती त्याला म्हणाली होती. मला वेळ नाही, असं त्यानं तिला सांगितलं होतं.

“अजून झऱ्यावरच बसलीय ती,” आवडाई म्हणाल्या.

“तुम्हीच सांगा की तिला.”

आवडाईंनी हात पुसले. धोंडाबाईनं आणलेल्या पेंढीतून पांढऱ्या फुलांचे दोन तेरडे उचलले आणि त्यांची मुळं कापली. त्यांचे डोळे एकाएकी लकाकले.

“पैज लावतोस?”

“कसली?”

“दोन वाट्या, दोन्हींत अळत्याचं पाणी. एक तेरडा तुझा, एक माझा. ज्याचं फूल आधी रंगेल तो जिंकला. तू जिंकलास तर पुढचा शब्द आत्ताच.”

“आणि हरलो तर?”

“झरा काही लांब नाही.”

परशरामानं गाठोडं खाली टाकलं. या पैजेत त्याला हरवणारा अजून जन्माला यायचा होता. गेल्या उन्हाळ्यात जास्वंदीची फांदी त्यानं काचेच्या बरणीत कोंडली होती, तेव्हा दुपारपर्यंत आतून थेंब ओघळायला लागले होते. झाड मुळांनी पितं आणि पानांनी उडवून टाकतं, हे त्यानं स्वतः शोधून काढलं होतं. ही उधळपट्टी थांबवली की सगळा अळता फुलालाच मिळणार.

त्यानं समईचं तेल घेतलं आणि एकेक पान पाठपोट माखलं. मग आपली वाटी गाभाऱ्यात नेली, जिथं ना ऊन, ना वारा.

आवडाईंनी आपली वाटी कठड्यावर ठेवून दिली. भाद्रपदाचं ऊन कडक पडलं होतं आणि वाऱ्यानं पानं नुसती फडफडत होती. परशरामाला हसू आवरेना.

“आई, तुमचं सगळं हवेत जाणार.”

“जाऊ दे की.”

बातमी मठभर झाली. स्वयंपाक सोडून सगळे कठड्याशी गोळा झाले.

“चढतंय, चढतंय,” कुणीतरी ओरडलं.

परशराम धावत आला. तेरड्याचा देठ काचेसारखा आरपार दिसणारा, आणि त्यातून तांबड्या रेघा वर सरकत होत्या. पहिलं पेर गेलं, दुसरं गेलं. तो गुडघ्यांवर बसला. पैज आपली उलटी फिरतेय, हे क्षणभर तो विसरूनच गेला. अळत्याला वर कुणी ढकलत नव्हतं, कुणी ओतत नव्हतं. वाऱ्यात पानं हलत होती आणि खाली वाटीतला अळता कमी होत होता. बघता बघता पांढऱ्या पाकळीत केसासारखी लाल शीर उमटली. मग दुसरी. सगळ्यांनी एकच गलका केला. परशरामाच्या अंगावर काटा आला.

मग त्याला आपला तेरडा आठवला. तो गाभाऱ्यात पळाला.

वाटी जवळजवळ काठोकाठ भरलेली होती. देठ बुडाशी जरासा लालसर, बस्स. फूल पांढरंफटक.

तो वाटी हातात घेऊन बाहेर आला.

“एक थेंब वाया जाऊ दिला नाही मी, आई...”

आवडाईंनी पदराच्या टोकानं त्याच्या तेरड्याच्या एका पानावरचं तेल हलक्या हातानं पुसलं.

परशराम त्या पुसलेल्या पानाकडे बघत राहिला. त्यानं खाली झऱ्याकडे पाहिलं. धोंडाबाई अजून तिथंच होती, गुडघ्यांत मान घालून बसलेली.

गाठोडं तिथंच टाकून तो निघाला. अर्ध्या पायऱ्या धडाधड उतरला आणि एकदम थबकला.

“आई,” तो खालून ओरडला, “माझ्याजवळ एकच शब्द आहे. तो तिला देऊन संपला तर?”

आवडाई कठड्यावरून वाकल्या.

“संपवून ये. मग बघू, काय चढतंय ते.”