ठळक खिळ्यांचा हट्ट

अक्षरांचे खिळे एकेक जुळवून छापायचे, त्या काळची गोष्ट. नदीकाठच्या एका छापखान्यात लाकडाचे थोरले, ठळक खिळे होते. ते मालकांच्या मागेच लागले. "भास्करअण्णा, प्रत्येक जाहिरातीत आम्हालाच लावा. त्या बारक्यांकडे बघतंय कोण?"

"अरे, तुम्ही वेळप्रसंगासाठी आहात," शिशाचे बारीक खिळे म्हणाले. पण अण्णांनाही ठळकपणाची चटक लागली. दंतमंजन, सर्कस, नाटकं, सगळंच ते ठळक छापू लागले.

एके दिवशी वरचं धरण फुटायच्या बेतात आलं. अण्णांनी भिंतीभिंतीवर ठळक अक्षरांत लावलं, 'गाव सोडा!'

"नवं नाटक आलेलं दिसतंय," म्हणत लोक पुढे गेले.

पूर ओसरल्यावर अण्णांनी गेलेल्यांची नावं बारीक खिळ्यांनी छापली. उरलेले लोक भिंतीशी वाकून एकेक नाव वाचत होते.

ठळक खिळ्यांनी त्या दिवशी काहीच मागितलं नाही.