जानकाबाई वेशीवर अडली ती गोष्ट

एकदा काय झालं, हरडखोल गावाच्या वेशीवर भांडण चाललं होतं. सुरू कधी झालं ते मला विचारू नका. मी सांगायला बसले तेव्हा ते चांगलं तापलं होतं, बरं का.

भांडत होते दोघं. एक होता गावाचा राखणदार. माडाएवढा उंच, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तो वेशीवरच्या दगडात राहायचा आणि कोणी परकं आलं की बाहेर यायचा. दुसरी जानकाबाई. उंची त्याच्या गुडघ्याएवढी, आवाज त्याच्या दुप्पट. तो म्हणे, तू परकी. ती म्हणे, परकी असेल तुझी काठी, गाव माझं आहे.

जानकाबाई आली होती सातासमुद्रापलीकडच्या उसाच्या बेटावरून. तिची पणजी यसू ही हरडखोलची लेक. नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेली, ती तिकडेच राहिली. पण जात्यावर बसली की गावाच्या ओव्या गायची. त्या ओव्या आजीनं घेतल्या, आईनं घेतल्या, मग जानकाबाईनं घेतल्या. बेटावरची माणसं हसायची. म्हणायची, असलं गाव कुठंच नाही, तुझ्या पणजीनं ते दळता दळता रचलं.

मग काय, जानकाबाई उठली आणि गलबतात बसली. पहिल्या आठवड्यात उडते मासे तिच्या पदरात पडले. तिनं ते मोजून परत सोडले. दुसऱ्या आठवड्यात एक देवमासा गलबताशेजारून पोहत आला, नुसता ओव्या ऐकायला. तिसऱ्या आठवड्यात वाऱ्यावर सुरंगीच्या फुलांचा वास आला. जन्मात कधी घेतला नव्हता, तरी तिनं तो ओळखला.

आणि एवढं करून ती अडली कुठं, तर वेशीवर. गलबत संध्याकाळच्या भरतीला परतणार होतं. तोवर गावात पाऊल पडलं नाही, तर ते हसणारे कायमचे खरे ठरणार.

राखणदार म्हणाला, गाव तुझं असेल तर तीन गोष्टींची उत्तरं दे. पहिलं सांग, इथली माती कशी. जानकाबाईनं उत्तर नाही दिलं, ती गायला लागली.

लाल माती माहेराची, टाच रंगली रंगली
सात समुद्रांनी धुतली, तरी लाल

राखणदारानं हळूच आपली टाच वळून पाहिली. मग त्यानं दुसरं विचारलं, गावचा व्हाळ, म्हणजे ओढा रे, तो कुठं वळतो. ती पुन्हा गायली.

व्हाळ माझ्या माहेराचा, सातविणीशी वळतो
माझ्यावाणी मागं बघतो, जाता जाता

आता मात्र राखणदार गडगडून हसला. सातविणीचं झाड वादळात पडून चाळीस वर्षं झाली होती. चुकलीस म्हातारे, म्हणाला, परत जा. जानकाबाईनं शांतपणे विचारलं, व्हाळ अजून वळतो का तिथं? वळतो, असं त्याला म्हणावंच लागलं.

"मग व्हाळ आपलं काम करतोय," ती म्हणाली. "झाड पडलं ते तुझ्या राखणीत."

वेशीच्या आत बायका जमल्या होत्या, त्या पदराआड हसल्या. राखणदारानं काठी या हातातून त्या हातात घेतली. त्याला राग आला होता. मग त्यानं तिसरं विचारलं, आणि ते फार कठीण होतं. म्हणाला, या गावात तुला ओळखणारं एक तरी कोणी दाखव.

जानकाबाईनं त्या बायकांकडे पाहिलं. एकेक तोंड पाहिलं. सगळ्यांना तिला आत घ्यायचं होतं, पण ओळखत एकही नव्हती. ओळखणार कशा? यसूला पाहिलेलं कोणी उरलंच नव्हतं. सूर्य पाण्याला टेकायला आला. खाली खाडीत खलाशांनी शंख फुंकला.

मग तिला पणजीची शेवटची ओवी आठवली. ही ओवी आली की यसूचं जातं थांबायचं. आपल्याकडे रीत आहे, माहीत आहे ना? गाव सोडून लांब जायचं तर वेशीवर नारळ ठेवायचा, राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं, की बाबा, सांभाळ आणि परत आण. जानकाबाई गायली.

वेशीला दिला नारळ, राखणदार हो म्हणाला
आणीन मी गं लेकीला, माघारी इथं

राखणदारानं काठी खाली टेकवली. आणि मग जानकाबाई एकच वाक्य बोलली. ते मी मागाहून सांगते. आधी आडवे व्हा. हं, पाय आत घ्या.

तर ते वाक्य ऐकून राखणदार लहान लहान होत गेला, तिच्याएवढा झाला. मग त्यानं आपली घोंगडी तिच्या पायाखाली अंथरली आणि हाताला धरून तिला गावात नेलं. तीन घरांत तिची ओटी भरली, तीन जात्यांवर ती बसली. वाट बघून खलाशी वर आले, तेही घावन खात बसले आणि भरती निघून गेली तरी कोणी उठलं नाही. महिनाभरानं ती बेटावर परतली तेव्हा तिच्या टाचा लाल होत्या, आणि हसणाऱ्यांनी त्या बघायला रांग लावली. सगळी सुखी झाली. तुम्हीही व्हा, आणि झोपा आता.

वाक्य राहिलं, होय ना? डोळे मिटून ऐका. जानकाबाईनं कमरेवर हात ठेवले, मान वर केली आणि त्या माडाएवढ्या राखणदाराला म्हणाली,

"माझी ओळख मागतोस होय, आधी तुझी पटव, नारळ घेऊन यसूला परत आणतो म्हणाला होता तो राखणदार तूच ना?"