उपाशी गेलेलीची मूठ

आमच्या धाकट्या सूनबाई, प्रणिता, यंदा माझ्याबरोबर दाणेकड्याच्या मठात मुक्कामाला आल्या आणि घराण्याचं चांगलंच नाव काढून परतल्या. मठाचा रिवाज सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. जो मुक्कामाला राहील त्याने आपल्या घरचं धान्य मठाच्या हंड्यात टाकायचं, आणि सगळ्यांचं एकत्र शिजेल तेच सगळ्यांनी जेवायचं. रांगेत सूनबाईंच्या पुढे एक बाई होती. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून रेशनचा तांदूळ काढला. त्यात खडे दिसले म्हणून सूनबाईंनी नाक मुरडलं आणि आमचा वेगळा शिजवता येईल का, असं पुजाऱ्याला विचारलं. हळू विचारलं म्हणे. त्या बाईला ऐकू गेलं. तिने पिशवीला गाठ मारली, शेवटची एसटी गाठायची आहे म्हणाली आणि कडा उतरून गेली. मी तेव्हा आत महाराजांच्या पादुकांपाशी होते. मला हे घरी आल्यावर कळलं. सूनबाई मात्र पादुकांवर डोकं टेकवून, फोटो काढून, पोटभर प्रसाद जेवून स्वस्थ झोपल्या.

म्हणून आज भजनाला जमलेल्या बायकांपुढे मी रानगिरी महाराजांची ही कथा सांगायला घेतली. प्रणितालाही समोर बसवली.

महाराज त्या काळी तळकोंड गावाच्या डोक्यावर, त्याच कड्यात राहत. गाव खाली, मठ वर, आणि मधला चढ असा की बोलत निघालेला माणूस अर्ध्या वाटेत गप्प होतो. मठ तेव्हाही जुनाच. काळ्या दगडाच्या ओवऱ्या, मधोमध धुनी, धुनीवर तांब्याचा हंडा. महाराज दुपारनंतर गुहेत बसत ते दिवेलागणीला बाहेर येत. आल्यागेल्याचं नाव-गाव विचारायचं नाही, ही त्यांचीच शिस्त. हंड्यात ज्याची मूठ पडली तो मठाचा, एवढी ओळख त्यांना पुरे होती.

एका माघात सगुणाबाई देशमुखीण डोलीत बसून वर आली. मांडीवर एकुलता मुलगा, जयवंत. पोराच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. वैद्य झाले, नवस झाले, दूध झालं, तूपभात झाला. खाल्लेलं सगळं बाहेर. हातापायांच्या काड्या झालेल्या. रानगिरी महाराजांच्या हंड्यातला घास पोटात राहतो, असं कुणीतरी सांगितलं. आई होती, आली. इथपर्यंत मी तिला काही बोलत नाही.

तिने घरचा आंबेमोहोर आणला होता. डोली टेकली तशी मठभर वास सुटला. हंड्याजवळच्या सुपात लोकांच्या मुठी पडत होत्या. तेवढ्यात एक बाई लंगडत वर आली. दर माघात यायची. लुगड्याला ठिगळं, पायात काटा मोडलेला. मुक्कामाच्या दिवशी हंड्यातल्याशिवाय दुसरं खायचं नाही, म्हणून सकाळपासून उपाशी. तिने पदराची गाठ सोडली आणि मूठभर वरी सुपात टाकली. नीट कांडून सडलेलीही नव्हती, निम्मा कोंडाच.

सगुणाबाईच्या डोळ्यांत ते खुपलं. हे माझ्या तांदळात शिजणार का, असं तिने मोठ्याने विचारलं. बाई म्हणाली की तिथे सगळं एकत्रच शिजतं. मग देशमुखीणच ती.

"पोराला जगवायला आणलंय मी इथे," ती म्हणाली. "गुरांचा कोंडा चारायला नाही."

आणि तिने ती वरी सुपातून वरच्या वर उपसून काढली, बाहेरच्या कातळावर भिरकावली. ओवरीत पुष्कळ माणसं बसली होती. एकानेही तोंड उघडलं नाही. देशमुखांच्या जमिनी सगळेच कसत होते ना.

त्या बाईने भांडण केलं नाही. "पाखरंही महाराजांचीच आहेत, आई," एवढं बोलली. पण हंड्यात मूठ नाही म्हणजे मुक्काम नाही. तिने धुनीला लांबूनच हात जोडले आणि दिवस कलताना, आली तशी लंगडत, कडा उतरू लागली.

हंडा शिजला. सगुणाबाईला धीर कुठला! महाराज यायच्या आत तिने पोराला भात भरवला. दोन घास गेले आणि सगळं उलटून पडलं. या वेळी पोराचे डोळे फिरले. हात गार पडले, नाव घेतलं तरी हुंकार येईना. तिने जो टाहो फोडला त्याने महाराज गुहेतून बाहेर आले.

त्यांनी आधी पोराकडे पाहिलं, मग हंड्यात.

"एक मूठ कमी आहे," महाराज म्हणाले.

आणि हंड्यापाशी उभेच राहिले. शेवटी सगुणाबाईनेच कातळाकडे बोट दाखवलं.

त्या कातळावर वारा असा की डोक्यावरचं पागोटं टिकत नाही. महाराज स्वतः तिथे गेले. सातभाई पाखरांचा थवा भोवती बसला होता, एकानेही चोच लावली नव्हती. आणि वरी जिथे पडली तिथेच होती. दाणा सोडा, कोंडासुद्धा जागचा हलला नव्हता. महाराजांनी ओंजळीत भरून फुंकर मारली, कोंडा उडाला. मूठभर वरीची त्यांनी धुनीवर पातळ पेज केली, मीठ घातलं आणि पोराच्या ओठांना वाटी लावली.

एक घोट उतरला. मग दुसरा. पेज पोटात राहिली. जयवंताने डोळे उघडले, वाटीकडे पाहिलं आणि म्हणाला, "आई, अजून."

सगुणाबाई धाडकन महाराजांच्या पायांशी कोसळली. महाराज एक पाऊल मागे सरले.

"बाई, पोर तुझं वाचलं. पण माझ्या दारातून माणूस उपाशी गेलं. हा नमस्कार मी कुठे ठेवू?"

महाराज त्या दिवशी जेवले नाहीत.

उजाडताच सगुणाबाई उतरली. डोली नको म्हणाली, वहाणाही नको. पण शोधणार कशी? नाव कुणी कधी विचारलेलंच नव्हतं. लंगडत गेलेली बाई पाहिलीत का, एवढंच ती दारोदार विचारत राहिली. एकीने सांगितलं, संध्याकाळी पाणवठ्यावर पाणी पिऊन गेली. त्यापुढे काही कळलं नाही. पुढच्या माघात ती बाई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

सगुणाबाई मात्र येत राहिली. आपल्या हाताने सडलेली वरी घेऊन यायची, दोन मुठी हंड्यात टाकायची. एक स्वतःची, एक उपाशी गेलेलीची. मठात आज आपण दोन मुठी टाकतो त्या तिच्यामुळे. मग पायरीवर बसून चढून येणाऱ्या बायकांचे पाय बघायची. जयवंत मोठा झाला, त्याला पोरंबाळं झाली, हिचे केस पांढरे झाले. शेवटी शेवटी नजर गेली, तेव्हा ती येईल त्या बाईच्या पायांवर डोकं ठेवायची. कोण मोळीवाली, कोण गुराखीण. बिचाऱ्या ओशाळून पाय मागे घ्यायच्या. तिला आयुष्यभर हवे होते ते पाय त्यांत होते की नव्हते, महाराज जाणोत.

कथा संपली. प्रणिता डोळे पुसत उठली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय लुगड्यात ओढून घेतले.

"माझ्या पाया पडू नकोस, आणि तो पादुकांचा फोटोही मला दाखवू नकोस. चुकलीस तू, आणि ती चूक माझ्यापाशी फिटायची नाही. सगुणाबाईला विचारायला नाव नव्हतं. तुझी बाई तळकोंडच्या एसटीत बसली, कुठे उतरली ते कंडक्टरला ठाऊक असेल. उद्या पहिल्या गाडीने जा. नाही सापडली, तर दर माघात त्या पायरीवर बसायचं, मी असले नसले तरी. सापडली, तर तिच्या घरात मांडी घालून तिच्या रेशनच्या तांदळाचा भात मागून खा. आणि खडा लागला तर थुंकू नकोस."