कळकलेली कढी

खैरगावच्या ओढ्याकाठी मुक्तोबा महाराजांचा लहानसा मठ होता. दर चैत्रात तिथे भंडारा होई आणि भंडाऱ्याच्या भांड्यांना कल्हई करण्याची सेवा लहानू तांबटाकडे असे. त्या वर्षी लहानूची बायको वारली होती. भाता तीच ओढत असे. आता एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने भांडे, असे करत त्याने तीन पितळी पातेली उजळली. चौथे मार्तंडशेटच्या घरचे होते. ते मागायला लहानू त्यांच्या दारी गेला.

"बायको गेल्यापासून तुझं चित्त थाऱ्यावर नाही," शेट हसत म्हणाले. "माझं पातेलं बिघडवशील. आहे ती कल्हई चालेल."

भंडाऱ्याच्या दिवशी चारही पातेल्यांत कढी शिजली. चौथ्यातली कढी आचाऱ्याने चाखली आणि लगेच थुंकली.

"कळकली! विष झालंय हिचं!"

कल्हई उडालेल्या पितळेत ताक शिजले की असेच होते. पंगती बसल्या होत्या, महाराजही तिथेच होते. लोक घाबरून उठू लागले.

"या लहान्याला गावाबाहेर काढा!" मार्तंडशेट ओरडले. "माणसं मारायला निघाला होता!"

"शेट, हे पातेलं तुम्ही मला दिलंच नाही."

"खोटं बोलतोस? महाराजांसमोर?"

त्या दिवशी दारात तिसरे कोणी नव्हते. लोक शेटचेच ऐकणार, हे लहानूला ठाऊक होते. पुन्हा गावात कोणी त्याच्या हाती साधी वाटी दिली नसती. तरी तो जागचा हलला नाही.

"महाराज, मी केलेल्या तिन्ही पातेल्यांतली कढी मी आधी पितो. मग काय ते ठरवा."

तीन वाट्या पिऊन तो तिथेच उभा राहिला.

महाराज म्हणाले, "मार्तंडा, ही कढी ओतून दे आणि पातेलं घास. तुझ्याच घरचं आहे ना?"

शेट चिंच घेऊन बसले. तळाचा हिरवा डाग निघाला, पण पाणी पडताच पुन्हा उमटला. राख लावली, वाळू लावली, बोटे सोलवटली. डाग तिथेच!

"किती घासू, महाराज?"

"आजवर दुसऱ्यांचीच भांडी तपासलीस. आज आपल्या भांड्यात डोकावलास. काय दिसतं ते सांग."

शेट बराच वेळ पातेल्यात वाकून राहिले. मग सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "लहानू मागायला आला होता. मीच दिलं नाही. त्याच्या गेलेल्या बायकोवरून त्याला टोचून बोललो, आणि आता खोटंही बोललो."

त्यांनी पाणी ओतले. तळ लख्ख झाला होता! केवढी ही महाराजांची करुणा!

शेट महाराजांच्या पायाशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"आधी तिकडे."

मार्तंडशेटनी भर पंगतीत लहानूच्या पायांवर डोके ठेवले. लहानूने डोळे पुसले आणि त्यांना दंडाला धरून उठवले.

"उठा शेट. माणसं उपाशी बसलीत. कढी वाढायला घ्या."