नाताळची शर्यत

डोंगरवाडीच्या चर्चमध्ये बायकांचे दोन गायनगट होते. यंदा दोघांची स्पर्धा होईल, जिंकेल तो गट नाताळला गाईल आणि हरेल तो कायमचा बंद, असं चर्चचा कारभार पाहणारे पंच योहानराव ओहोळ यांनी उपासना संपल्यावर जाहीर केलं. त्यातला एक गट एलिसाबाईंचा. त्यांच्या गटात बहुतेक म्हाताऱ्याच. गाणं गेलं तर त्यांना दुसरा विरंगुळा तो कुठला? एलिसाबाई उठून उभ्या राहिल्या.

“पंचसाहेब, प्रभूच्या घरात कसली आलीय स्पर्धा?”

“बायबलमधलं पौलाचं पत्र वाचा, बाई! शर्यतीत सगळे धावतात, पण बक्षीस एकालाच मिळतं.”

“खरं आहे. पण त्या धावणाऱ्याच्या दोन पायांनी आपसातच शर्यत लावली तर?”

“तोंडावर आपटेल, दुसरं काय!” योहानराव हसून म्हणाले.

“मंडळी, म्हणजे चर्चमधले आपण सगळे, ख्रिस्ताचं शरीर आहोत, हेही पौलानं त्याच पत्रात लिहिलंय. आम्ही दोन गट म्हणजे त्याचे दोन पाय. कुठला तोडायचा, ते तुम्हीच सांगा.”

चर्चमध्ये हशा पिकला. योहानराव हळूच म्हणाले, “बसा, एलिसाबाई. उद्यापासून तालीम सुरू करा. सगळ्यांची एकत्र.”